श्वास विसरायचा आजार

माझा आजार मी कधी पाहिलेला नाही. ज्या दुखण्याने माझी ऐन उमेदीची वर्षं खाल्ली, ते मला फक्त दुसऱ्यांच्या तोंडून माहीत आहे. मायने सांगितलं, भावाने सांगितलं, शाळेतल्या मुली आपसांत बोलत ते कानावर आलं. मला स्वतःला माहीत होती ती सुरुवात आणि शेवट. सुरुवातीला भात करपल्याचा वास यायचा आणि पोटातून काहीतरी वर चढत गळ्याशी यायचं. शेवटी मी जमिनीवर पडलेली असायचे, जीभ चावलेली असायची आणि वर वाकलेले चेहरे दिसायचे. मधलं सगळं त्यांनी पाहिलेलं.

ज्या घरांत कुणाला मिरगी आहे आणि ती लपवली जाते, त्या घरांसाठी हे लिहिते आहे. आमच्याही घरात ती लपवली होती. औषधांची नावं मी देणार नाही, ती डॉक्टरनेच द्यावीत. मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं आहे. या आजारात माझा श्वास थांबायचा. तो का थांबायचा, हे कळायला फार लांब जावं लागलं.

*

माझा मोठा भाऊ वामन गोंदियाला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता. वडील मी लहान असतानाच गेले. नागऱ्याजवळची आमची धानाची जमीन काका कसत. माय, भाऊ आणि मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मराठी सातवी पास होऊन मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती. गोंदियाच्या बाजारात सगळं बोलणं हिंदीत चाले, शाळेत मराठी, आणि घरात मायची झाडीबोली. मी तिन्ही बोलायचे. आजाराबद्दल मात्र कुठल्याच भाषेत बोलायचे नाही.

पहिल्यांदा कधी झालं ते सांगता येत नाही, कारण पहिली कितीतरी वेळा ते कुणाला कळलंच नाही. एका सकाळी मी सुपात तांदूळ पाखडत होते. मायला म्हटलं, "माय, भात करपून राहिला."

"चूल तं अजून पेटवलीच नाई," माय म्हणाली.

पुढचं तिने सांगितलं. मी सूप हातात धरून एकटक बघत बसले. ओठ चाटल्यासारखे हलत होते. तिने हाक मारली, खांदा हलवला. मग तिचं लक्ष माझ्या छातीकडे गेलं. छाती हलत नव्हती. अंग सैल होतं, कुठे ताठरपणा नव्हता, पण श्वास नव्हता. थोड्या वेळाने मी एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागले.

"का झाला होता तुले?" तिने विचारलं.

"कायले? काईच नाई."

खरंच मला काही झालेलं नव्हतं. माझ्या लेखी मी तांदूळच पाखडत होते.

मोठे झटके पुढच्या पावसाळ्यानंतर सुरू झाले. त्यांत मी पडायचे, हातपाय झाडायचे. त्याला लोकांकडे नाव होतं आणि उपायही होते. नाकाला जोडा लावायचा, कांदा फोडून हुंगवायचा, दातांत चमचा घालायचा. माझा पुढचा एक दात असाच एका शेजाऱ्याच्या चमच्याने तुटला. त्याचा हेतू चांगला होता. मायने नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलला, एका जाणत्याकडून ताईत आणला. मी तो घातला. घालायला हरकत वाटली नाही.

पण माय दर वेळी एकच गोष्ट सांगायची. "आधी दम जाते, मंग डोरे फिरतेत, मंग आंग. लोकं म्हणतेत आंग आखडते म्हून दम जाते. तसा नाई. आधी दम जाते."

तिचं कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. मीही घेतलं नाही.

*

तिरोड्याचं एक स्थळ मला बघायला आलं होतं. मुलाची आत्या मला नाव, शिक्षण वगैरे विचारत होती. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला करपलेला वास आला. मी भानावर आले तेव्हा आत्या मायला विचारत होती, "पोरगी मधातच काऊन गप झाली?"

"लाजली," माय म्हणाली.

त्या लोकांनी पोहे खाल्ले आणि ते गेले. नकार आला. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

भावाचं मात्र वाईट वाटलं. त्याचं एक लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलीचे वडील थेट शेडवर आले. इंजिनाखाली काम करत असलेल्या वामनला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी मिरगी आहे म्हणतेत. खरा का?"

"खरा आहे. बहिणीले आहे."

ते आले तसे परत गेले. संध्याकाळी हे ऐकून माय त्याच्यावर उसळली.

"कायले सांगतलास?"

"त्यानं इचारला."

"नाई म्हनता येत नव्हता?"

भाऊ हात धूत होता. ग्रीस निघत नव्हतं. "मंग लगन झाल्यावर तिले का सांगतलो असतो?" तो म्हणाला. त्यानंतर आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी कामापुरतं बोलत होती, आणि त्याचं कारण मी होते. आजाराचं हे अंग कुठल्या डॉक्टरने विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

*

एका रविवारी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मोठा झटका आला. तो नेहमीसारखा संपलाही. हातपाय सैल पडले. अशा वेळी घोरल्यासारखा श्वास सुरू व्हायचा. त्या दिवशी तो सुरू झालाच नाही.

ओठ आधी निळे आणि मग राखेसारखे झाले, असं माय सांगते. शेजारची माणसं जमली. कुणीतरी जोडा आणून नाकाला लावला. जी बाई श्वासच घेत नाही, तिला वास कुठून येणार, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. "गेली," असं एक बाई मोठ्याने म्हणाली. भाऊ घरातून धावत आला. रेल्वेने शेडमधल्या लोकांना प्रथमोपचार शिकवले होते. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. त्याने जोडा भिरकावून दिला, मला पालथं केलं, मान एका बाजूला वळवली आणि पाठ दाबायला लागला. लोक ओरडले, "अरे, मेलेल्या पोरीवर काऊन बसला?" एकाने त्याचा दंड धरून ओढला. भावाने त्याला ढकललं. तो दाबत राहिला.

मी श्वास घेतला.

मला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते गालाला चिकटलेली माती आणि भावाचं रडणं. मी त्याला त्यापूर्वी रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं मायला काही झालं.

त्या दिवसापासून माय मला एकटं सोडेना. मी न्हाणीत गेले की ती दाराबाहेर बसून बोलत राही, आणि मी उत्तर द्यायचं. उत्तराला उशीर झाला की ती दार ढकलून आत. झोपेत कधी जाग आली तर तिचा तळहात माझ्या छातीवर असायचा. मला त्याचा राग यायचा. एकदा मी तो हात झटकला. तिने तो पुन्हा ठेवला.

*

मग भाऊ आणि माय मला नागपूरला घेऊन गेले. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी भावाला विचारलं, मग मायला, आणि मला सगळ्यात शेवटी. हा क्रम मला आवडला. माझ्या आजाराचे साक्षीदार तेच दोघं होते.

"याला अपस्मार म्हणतात. तुम्ही मिरगी म्हणता तीच," ते म्हणाले. "हा मेंदूचा आजार आहे. बाहेरचं काही नाही. कुणाचा शाप नाही."

मायने विचारलं, "मंग दम काऊन जाते?"

"झटक्यात छातीचे स्नायू आवळतात, बाई."

"आंग सैल रायते तेव्हाही जाते, सायेब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला पुन्हा सगळं सांगायला लावलं. "याचं उत्तर मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. मला त्या माणसाबद्दल विश्वास वाटला तो या वाक्याने.

गोळ्या सुरू झाल्या. मोठे झटके कमी झाले. पण मला सदा झोप यायची, खडू हातात धरून मी फळ्यासमोर उभी राहायचे आणि काय लिहायचं होतं ते सुचत नसे. हिरड्या सुजल्या. आणि छोटे झटके, श्वास थांबवणारे, थांबले नाहीत. वर्षभराने डॉक्टरच म्हणाले की मद्रासकडे एका मोठ्या इस्पितळात परदेशात शिकून आलेले एक सर्जन असे आजार शस्त्रक्रियेने बरे करायचा प्रयत्न करतात. डोकं उघडतात आणि बिघडलेला भाग काढतात.

घरी आल्यावर माय म्हणाली, "डोक्सा फोडून का माणूस जगते?"

भाऊ म्हणाला, "कुसुम सांगन तसा करू."

मी जाते म्हटलं. लोक याला हिंमत म्हणतात. तसं काही नव्हतं. अंगणातला तो दिवस पुन्हा येणार, आणि त्या वेळी भाऊ शेडमध्ये असणार, एवढा हिशोब मी केला होता.

*

भावाला रेल्वेचा पास होता, रजाही मिळाली. माय आली नाही. काकूच्या बाळंतपणाचं निमित्त तिने सांगितलं. मी आग्रह केला नाही.

त्या इस्पितळात आम्ही बरेच दिवस होतो. पहाटे अंग पुसायला यायचे, मग ताप बघायचा, मग उपमा. दुपारी भात, ताक, आणि आंबट पातळ सार. आमच्याकडच्या तांदळाच्या भाताची भावाला फार आठवण यायची, तो रोज जेवताना बोलून दाखवायचा. शेजारच्या खाटेवर एक आंध्रातली म्हातारी होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती रोज मला तिच्या वाट्याचं एक केळं द्यायची. का, ते मला कधी कळलं नाही.

डोक्याला तारा लावून डॉक्टर यंत्रावर कागदाच्या पट्टीवर रेघा काढत. छातीभोवती एक रबरी नळी बांधत, श्वासाची रेघ वेगळी उमटे. एकदा यंत्र चालू असतानाच मला छोटा झटका आला. मग एका तरुण डॉक्टरने ती पट्टी भावाला दाखवली. हैदराबादकडची एक नर्स होती, तिचं दख्खनी हिंदी आम्हाला समजायचं. ती सांगत गेली. मेंदूच्या रेघा कानाजवळच्या एका जागी पिसाटल्या होत्या. आणि त्याच सुमारास श्वासाची रेघ सपाट झाली होती. हातपाय तेव्हा अगदी शांत होते.

"माय हेच सांगत होती," भाऊ मला म्हणाला.

श्वास चालवणारं ठाणं मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर असतं, असं त्या डॉक्टरने समजावलं. आपण झोपलो तरी ते काम करत राहतं. पण वरच्या काही भागांना त्याच्यावर हुकूम चालवता येतो. म्हणून आपल्याला बोलताना, गाताना, पाण्यात बुडी मारताना श्वास धरता येतो. कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, बदामाएवढा एक भाग आहे. भीती, वास यांच्याशी त्याचा संबंध असावा. माझा झटका तिथून उठत असावा आणि तो भाग तळाच्या ठाण्याला सांगत असावा, थांब. "असावा" हा शब्द त्याने पुन्हा पुन्हा वापरला. जगभरच्या डॉक्टरांनाही हे नुकतंच कळायला लागलं आहे, असं तो म्हणाला.

*

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी केस काढले. कमरेपर्यंतचे होते. न्हाव्याने पटापट काम उरकलं. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला.

शस्त्रक्रिया चालू असताना मला जागं ठेवणार होते. हे ऐकून मी घाबरले, ते कबूल करते. डोक्याची कातडी सुईने बधिर केली. मेंदूला स्वतःला दुखत नाही, असं त्या हैदराबादकडच्या सिस्टरने सांगितलं होतं. ते खरं निघालं. कवटीला भोक पाडतानाचा आवाज मात्र वाईट होता. सुतार दाराला बिजागरी बसवताना पाडतो तसाच, फक्त आपल्या आत. माझ्या तोंडापुढे हिरवा कपडा टांगला होता. कपड्याच्या अलीकडे मी आणि सिस्टर, पलीकडे सर्जन.

"कुछ बोलते रहो," सिस्टर म्हणाली. "रुकना नहीं."

काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी शाळेत घेते तो पाढा सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पलीकडून सर्जन बारीक तारेने एकेका जागेला विजेचा हलका स्पर्श करत होते. एकदा डावा हात फडफडला. एकदा करपलेल्या भाताचा वास आला, इतका खरा की मी मान वळवायला गेले. मी पाढा चालूच ठेवला.

"आप रुक गयी थीं," सिस्टर म्हणाली.

"नहीं. मैं तो बोल रही थी."

"अडसठ के बाद चुप हो गये. सांस भी बंद."

मला पटलं नाही. सर्जनने पलीकडून काहीतरी विचारलं, मग सिस्टर म्हणाली, आता काही बोलू नका, गप्प पडून राहा. मी हिरव्या कपड्याकडे बघत पडले. सगळं ठीक होतं. खरं तर त्या दिवसातली सगळ्यात शांत वेळ तीच असेल. तेवढ्यात सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "सांस लो."

मी घेतला. काही त्रास न होता, सहज. आणि मी जरा चिडूनच विचारलं, "ले तो रही हूं. काहे को बोल रहे?"

"नहीं ले रहे थे," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. गुदमरणं नव्हतं, गळा दाबल्यासारखं नव्हतं, धडपड नव्हती. श्वास घ्यायची ताकद होती, कुणी सांगितलं तर घेता येत होता. फक्त घ्यायचा असतो याची आठवण पुसली गेली होती, आणि पुसली गेल्याचंही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत मी माझ्या आजाराच्या मधल्या भागात जागी असलेली ती पहिली वेळ.

मग त्यांनी तो भाग काढला. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. मी पाढे म्हणत होते.

*

परतीच्या गाडीत मी डोक्यावरून पदर घेतला होता, पण तो घसरला. समोरच्या बाकावरच्या बाईने माझं मुंडण पाहून हात जोडले. बालाजीला केस देऊन आले असं तिला वाटलं. तिने प्रसाद मागितला. मी भावाकडे पाहिलं. त्याने पिशवीतून इस्पितळाच्या दारात घेतलेली केळी काढली आणि तिला एक दिलं. तिने ते डोळ्यांना लावून खाल्लं. आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून हसलो. किती दिवसांनी ते आठवत नाही.

मोठा झटका त्यानंतर आजवर आला नाही. तो वास दोन-तीनदा येऊन गेला. गोळ्या अजून चालू आहेत. माणसांची नावं मी पूर्वीपेक्षा जास्त विसरते. वर्गात मुलींच्या नावांची पंचाईत होते. शाळेने मला परत घेतलं, पण सुरुवातीला खुर्चीतूनच शिकवायचं या अटीवर. वामनचं लग्न झालं. वहिनीला त्याने लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. माझं लग्न झालं नाही. त्याची सगळी कारणं या आजाराची नव्हती.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एवढंच सांगते. नाकाशी काही धरू नका, दातांत काही घालू नका. गर्दी हटवा, झटका ओसरला की कुशीवर वळवा, आणि श्वास चालू आहे का ते बघा. छोट्या झटक्यातही बघा. जो शेजारी बसून बघतो त्याला आजारी माणसापेक्षा जास्त माहीत असतं. डॉक्टरकडे त्याला घेऊन जा.

*

मायने शस्त्रक्रियेबद्दल मला काही विचारलं नव्हतं. केस वाढले, वर्ष गेलं. मग काकांकडे धानाच्या रोवणीसाठी गेलो असताना, दुपारी बांधावर शिदोरी सोडल्यावर तिने विचारलं, "तो दम जात होता तेव्हा... तुले कसा होत होता?"

"काईच होत नव्हता, माय."

"खरा सांगजो. मले वाटे, तू आत तडफडून रायली आनं तुले बोलता येत नाई."

तेव्हा मला कळलं की ती इतकी वर्षं काय बघत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. हिरवा कपडा, पाढा, सिस्टरने सांगितल्यावर घेतलेला श्वास. गुदमरलं नाही, दुखलं नाही, भीतीसुद्धा वाटली नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. जेवण उरकलेल्या बाया पुन्हा धानाच्या बांदीत, चिखलात उतरायला लागल्या होत्या.

त्यांच्याकडे बघतच ती म्हणाली, "तं मंग मरनही असाच रायते का?"

"ते मले मालूम नाई, माय."

तिने मान हलवली. उत्तर पुरेसं नव्हतं, पण खोटंही नव्हतं, आणि तिने ते तसंच घेतलं. मग तिने राहिलेली भाकरी खाल्ली, हात धुतले आणि लुगडं खोचून रोवायला उतरली. मी त्या दिवशी बांधावर एकटीच बसले होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.